तिकडची रीत

"आज सगळ्यांच्या आधी तुम्ही या," पाळक म्हणाला आणि त्यानं थेट शेवटच्या बाकाकडे हात केला.

चर्चमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावर धुणेवाली बसली होती. शेजारी दोन मुली, मांडीवर धाकटा. आपल्याला म्हणत नसतील, अशा समजुतीनं तिनंही मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

पाळकाची बायको पहिल्या बाकावर बाळाला थोपटत होती. तिला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं. दोघं समुद्रापलीकडचे, एकाच चर्चच्या अंगणात खेळून वाढलेले. इकडे मंडळीची सेवा करायला येऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. भाषा अजून जिभेवर अडखळायची. माणसं मायाळू होती, पण त्यांची एक गोष्ट काही केल्या दोघांच्या गळी उतरत नव्हती.

प्रभुभोजनाला लोक एकेक करून मेजापाशी यायचे आणि पावाचा एवढासा कण मोडून घ्यायचे, चिमणीनं टिपावा तसा. धुणेवाली, नवरा गेलेली बाई, मुलांना घेऊन सगळ्यांच्या शेवटी यायची. आणि इथली रीत अशी, की आशीर्वाद दिलेला पाव घरी न्यायचा नाही, टाकायचाही नाही. जो शेवटी येईल त्यानं मेजापाशी बसून संपवायचा.

"म्हणजे सगळ्यांनी चिवडलेलं तिच्या पुढ्यात!" आदल्या दिवशी पाव भट्टीत सरकवताना पाळक चिडून म्हणाला होता. "देवाच्या घरातसुद्धा गरिबाला उष्टंच? उद्या मी तिलाच पहिला मान देणार."

"दे की. आणि त्या किल्लीआजींच्या समोर दे," बायको म्हणाली होती.

किल्लीआजी म्हणजे चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी म्हातारी. दर खेपेला ती पाळकीणबाईंना बजावायची, "पाव मोठा कर हं, पोरी. हात आखडू नकोस." खाणारे कण टिपणार आणि पाव मात्र उशीएवढा! आजींना हुकूम सोडायला काय जातंय, असं बायकोला वाटायचं.

धुणेवाली उठली. साबणानं उललेले हात तिनं कपड्याला पुसले. मेजापाशी येऊन तिनं एक कण घेतला, मुलांच्या तोंडात एकेक घातला. थोरली मुलगी पावाकडे बघत तिथंच उभी राहिली.

"चल," आई हळूच म्हणाली.

ती परत जाऊन बसली. मग बाकीचे उठले. आता तरी नीट घास घेतील, असं पाळकाच्या बायकोला वाटलं होतं. पण सुतारानं नखाएवढा तुकडा घेतला. शिक्षिकेनं त्याहून बारीक. किल्लीआजींनी तर बोटाला चिकटलेला चुराच जिभेवर ठेवला. सगळे जागेवर जाऊन बसले, पण डोळे मिटून प्रार्थना कुणीच करेना. जो तो त्या जवळजवळ अख्ख्या पावाकडे बघत होता.

पाळकाची बायको बाळाला घेऊन उठणार, तेवढ्यात शेजारून किल्लीआजींनी तिची बाही ओढली.

"काय गं, नवरा उपाशी आहे का तुझा?"

"छे! पोटभर न्याहारी करून आलाय."

"मग आता एवढा पाव कसा संपवायचा त्यानं? शेवटचा तोच उरला की." आजी कानाशी लागल्या. "अगं, तिच्या दाराशी ठेवलेलं पीठ तिनं दोनदा परत केलंय. फुकटचं म्हणून कुणाचं घेत नाही. देवाच्या मेजावरचं तेवढं तिला नाकारता येत नाही."

पाळकाच्या बायकोनं मागे पाहिलं. मुलांच्या तोंडातला कण केव्हाच विरघळला असणार. थोरली मुलगी अजून चघळत होती.

ती मेजापाशी गेली. दिसेल न दिसेल असा कण तिनं उचलला आणि नवऱ्याला त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. पाळकाचा चेहरा पडला. मग कान लाल झाले.

"मंडळी, एक सांगायचं राहिलं," तो घसा खाकरून म्हणाला. "आमच्या मुलखात एक रीत आहे. जो पहिला घास घेतो, त्यानंच शेवटी मेजापाशी बसून पाव संपवायचा. मी तिकडचा माणूस. मला ती मोडता येत नाही. बाई, मुलांना घेऊन या."

धुणेवाली जागची उठली, पण पुढे आली नाही. तिनं पाळकाला नीट न्याहाळलं.

"खरंच आहे अशी रीत? की माझी कीव आली?"

पाळकानं नजर पावाकडे वळवली. मेजासमोर उभं राहून तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता, आणि बोललेलं एक खोटं त्याला आता पेलवत नव्हतं.

धुणेवालीनं त्याच्या बायकोकडे पाहिलं. "पाळकीणबाई, तुम्हीही तिकडच्याच ना? तुम्ही सांगा."

पाळकाच्या बायकोनं अशी रीत जन्मात ऐकली नव्हती.

"आहे ना," बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत ती म्हणाली. "आमच्या आईकडे तर फारच कडक पाळतात."