गार श्वासाची जीप

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही दहा माणसं पाठीवर घेऊन भर उन्हात माळशेज घाट चढताय, आणि नाकासमोर कुणीतरी पेटती चूल धरली आहे. घ्याल तो श्वास गरम. किती पावलं टाकाल?

घाटमाथ्यावरच्या मढ गावच्या गोरखची जीप दर खेपेला अशीच चढायची. अर्ध्या घाटात काळा धूर ओकायची, तीनदा थांबायची, पाणी प्यायची. प्रवासी खाली उतरून धोंड्यांवर बसायचे आणि गोरखला टोमणे मारायचे, की राव, याच्यापेक्षा तुमची मेंढरं बरी व्हती.

आजवर हे चालून गेलं होतं. पण दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात घाटाखालच्या मुरबाडच्या वसतिगृहाचं पत्र आलं. शिक्षणाला जागा मिळाली होती. गोरखच्या मुलीनं, बारा वर्षांच्या ऋतिकानं, ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद विरला.

आजी सोनीबाईनं मात्र पत्राकडे बघितलंही नाही. तिनं एकच अट घातली.

"दर शनिवारी रातच्याला जेवायला या घरात दिसली पायजे. एक शनिवार चुकला की शिक्षण बंद."

वसतिगृहातून सुट्टी संध्याकाळी पाचला. त्याआधीच शेवटची एसटी निघून जाई. म्हणजे उरली गोरखची जीप. ऋतिकाची आई, सरूबाई, हिनं पत्र उचलून फडताळात ठेवलं. ऋतिका मात्र उठली आणि ओतूरला यमाजीमामाच्या गॅरेजात जाऊन उभी राहिली.

मामानं तिला सायकलचा पंप दिला आणि हवा भरायला लावली. मग पंपाच्या बुडाला हात लाव म्हणाला. चटका बसला. तिच्या जीपचा टर्बो हेच करतो, त्यानं समजावलं. इंजिनात हवा कोंबतो, पण कोंबलेली हवा तापते. तापलेली हवा विरळ, तिच्यात डिझेल पुरतं जळत नाही. म्हणून टर्बो आणि इंजिनाच्या मधे हवा गार करणारी एक जाळी बसवतात, तिला इंटरकूलर म्हणायचं. जुन्या जीपला तो नव्हताच.

मामाकडे भंगारातून आणलेले तीन होते. कुठला बसवायचा, ते त्यानं सांगितलं नाही.

"मोठा दिसतो म्हणून घेऊ नकोस. मोजून घे."

ऋतिकानं डेअरीतून दुधाचा काट्याचा तापमापक मागून आणला आणि इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला चिकटवून बांधला. पहिल्यांदा ट्रकचा जाडजूड इंटरकूलर चढवला. हवा छान गार झाली, पण त्यानं रेडिएटरचं तोंडच झाकलं आणि घाटात पाणी उकळलं. दुसरा लहान होता, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा. सपाटीला उत्तम. घाटात मात्र जीप हळू चाले, वारा लागेना, आणि खालून इंजिन त्यालाच भाजून काढी. काटा ऐंशी अंशांवर.

तिसरा पातळ आणि रुंद. पुढच्या जाळीमागे, बरोबर वाऱ्यात बसणारा. ऋतिकाचा सगळा जीव त्यात होता.

काटा पुन्हा ऐंशीवरच गेला.

घाटातच गोरख हताश होऊन खाली बसला. आता नशिबातच नाही म्हणाला. ऋतिका जीपभोवती फिरत राहिली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला ती जीपच्या तोंडासमोर थांबली.

नवा भाग बसला म्हणून गोरखनं सकाळी पूजा केली होती. जीपच्या पुढच्या जाळीवर 'बिरोबा प्रसन्न' असा हातभर रुंद पत्रा बांधला होता आणि वर झेंडूचे दोन हार. वाऱ्याला आत शिरायला जागाच नव्हती.

"आबा, हे काढायचं."

गोरखनं कान धरले. देवाला हलवायचं त्याला जमेना.

"मग टपावर बसवू," ऋतिका म्हणाली. "तिथनं देवाला घाट तरी दिसंल. हितं नुसता धूर खातोय."

गोरखला हसू आलं आणि त्यानंच पाना हातात घेतला. त्या दिवशी काटा पंचावन्नच्या वर गेला नाही.

सोनीबाईला ऐकीव गोष्ट चालत नसे. रविवारी ती स्वतः पुढच्या सीटवर बसली, मागे गावातली नऊ माणसं. घाटाच्या पायथ्यापासून जीप निघाली ती एकदाही न थांबता, धूर न ओकता वर आली. माथ्यावर सोनीबाई खाली उतरली आणि तिनं दरीत डोकावून बघितलं.

"चढली," ती म्हणाली. "जाऊ द्या मग."

ऋतिका जीपच्या मागे गेली आणि कुणाला दिसणार नाही अशी पोटभर रडली.

सोमवारी पहाटे नवी ट्रंक जीपमध्ये चढली. सोनीबाईनं दही-साखर हातावर ठेवली. गोरखनं इंजिन चालू केलं. ऋतिकानं मागचं दार उघडलं.

"पहिले दोन दिवस सगळ्यांनाच रडू येतं," ती म्हणाली. "नर्स व्हायचं तर रडून चालायचं न्हाई. शनिवारी पाच वाजता फाटकाशी उभी राहा. आमी येतो."

सरूबाईनं आपल्या नावाचं ते पत्र कमरेला खोचलं, मान हलवली आणि ती ट्रंकेशेजारी बसली. ऋतिकानं आईचा पदर दारात अडकणार नाही असा आत सारला, दार लावलं, आणि आजीचा हात धरून भाकरी थापायला घरात गेली.