सबरीचं आमेन

हे लिहिणारच नव्हतो. गावातलं गावातच राहावं, असं वाटत होतं. पण असं काही झालंच नाही, असं सबरी आता सगळ्यांना सांगत सुटलाय. म्हणून लिहितो.

शब्बाथची, आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसाची सकाळ. सिनेगॉग गच्च भरलेलं. माझा दोस्त हेझ्की तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीपाशी उभा; आशीर्वाद म्हणायची पाळी त्याची. त्याचा बाप गेला आणि दुखवटा संपायच्या आत शेजारच्या सबरीनं आपलं कुंपण हेझ्कीच्या आईच्या द्राक्षबागेत सरकवलं. ती बोलायला गेली तर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय कळतंय जमिनीतलं?"

तोच सबरी पहिल्या रांगेत. आशीर्वाद कोणीही म्हणो, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. सबरीचं सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठं. खिडक्या हलतात. त्याचा त्याला कोण अभिमान!

हेझ्कीनं आजाऱ्यांसाठी आशीर्वाद मागितला. आमेन. बाळंतिणींसाठी. आमेन. मग त्याच सुरात, न थांबता, "आणि जो विधवेची हद्द सरकवतो, त्याच्या बागेतली वाइन त्याच्या घशाखाली न उतरो."

"आमेन!" सबरी गरजला.

एकटाच. बाकीची तोंडं उघडून तशीच राहिली.

"ए, हे काय!" सबरी लालबुंद. "मी ऐकलं कुठं? सवयीनं निघालं तोंडातून!"

आमच्या जुन्या गुरुजींनी, रहामीम आजोबांनी, पुस्तकातून मानही वर केली नाही. "आमेन म्हणजे खरंय, तसंच होवो. दुसऱ्याच्या शापाला आमेन म्हटलंस की तो तूच उच्चारलास. लहानपणी मीच शिकवलंय तुला, गाढवा."

"मग परत घेतो, आजोबा!"

"घे की. आधी कुंपण मागे घे."

प्रार्थनेनंतर वाइनचे पेले फिरले. वाइन सबरीच्याच बागेतली, नेहमी तोच देतो. त्यानं पेला ओठांपर्यंत नेला. सगळे त्याच्या घशाकडे बघत होते.

"पित्त झालंय," म्हणत त्यानं पेला खाली ठेवला.

बाहेर हेझ्कीनं मला बाजूला ओढलं. "शब्बाथला शाप दिला रे मी. आई वर बायकांच्या सज्जात बसली होती."

"रागावली?"

"हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा."

मी त्याचा हात घट्ट धरला. "हिवाळ्यात सबरीच्या पोरीचं लग्न आहे. तोवर कुंपण मागे गेलं नाही, तर मंडपात माझ्या शेजारी उभा राहा. आशीर्वाद होतील, सगळा गाव आमेन म्हणेल. तुझ्या बाजूला आणखी एक तोंड मिटलेलं असेल, माझं. शब्द देतो."