नालोंगोची एन्डुलू

नालोंगोने भर दुपारी एन्डुलू दिली, संकटात मदतीला बोलावणारी लांब आरोळी, आणि सगळं गाव तिच्या अंगणात धावलं. हाताला लागेल ते घेऊन माणसं आली होती. कुणाकडे कुदळ, कुणाकडे कोयता. नाबुकीरा तर चुलीवरची केळी तशीच टाकून फावडं घेऊन आली होती.

अंगणात चोर नव्हता, आगही नव्हती. खुंटाला बांधलेली शेळी रवंथ करत होती.

कायिवा मुखिया धापा टाकत पोचले. सभेत लोखंड हातात धरायचं नसतं, म्हणून त्यांनी कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. बाकीच्यांनीही आपापलं त्यावर रचलं.

मग मुखियांनी रीत सांगितली. पोरांवर ओरडावं, नवऱ्यावर ओरडावं, त्याचा जाब कुणी विचारत नाही. पण एन्डुलू ही चोर, आग किंवा मरण यांसाठीच. ती ऐकून जो येत नाही त्याला दंड, आणि जो उगाच देतो त्यालाही. दंड म्हणजे शेळी.

नालोंगोकडे ती एकच होती. तिच्या करडांवर म्हातारीचं वर्ष निघे.

"एकटेपणा, दुसरं काय," नाबुकीरा म्हणाली. "नवरा गेल्यापासून हिचं ताळतंत्र सुटलंय. परवा काठीने जमीन उकरून घेवडा लावत होती."

लोक हसले. नालोंगो स्टुलावर बसून त्याच्या कडेवरच्या दोन खाचा बोटाने चाचपत राहिली. जुळी झाली त्या आनंदात नवऱ्याने घरातल्या प्रत्येक लाकडावर अशा दोन खाचा कोरल्या होत्या.

"बोला, नालोंगो," मुखिया म्हणाले. "काय झालं?"

"चोरी."

"कधी?"

"थोडी थोडी. ह्यांना पुरलं त्या आठवड्यापासून. 'उद्या आणून देतो' म्हणत."

"चोर पाहिलात?"

"आत्ताच पाहिला."

"मग नाव घ्या. नाहीतर शेळी सोडा."

नालोंगो उठली. ढिगातून तिने फावडं उचललं, कुदळ उचलली, कोयता उचलला. प्रत्येकाचा दांडा लोकांकडे वळवून ती आपल्या भिंतीला टेकवून ठेवू लागली. प्रत्येक दांड्यावर दोन खाचा होत्या. नाबुकीराला चुलीवरची केळी आठवली.

तळाशी कुऱ्हाड उरली. नालोंगोने तिचा दांडा पदराने पुसला.

"नावं तुमच्यापासून घेऊ मुखिया, की तुमच्यापाशी संपवू?"