रेघेवरची रेघ

"आकाश कुणाच्या बापाचं नसतं. जो स्वतःच्या हातानं विमान घडवतो, त्याचं असतं," असं कॅप्टन म्हणाले तेव्हा ते जमिनीवर उताणे पडलेले होते. स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्याच विमानाच्या पोटाखाली. स्वेटरची बाही एका बोल्टात अडकली होती. मेव्हण्यानं ती सोडवली, तेव्हा कुठे आकाशाचे मालक उठून बसले.

कॅप्टन ही पदवी गल्लीनं दिलेली. विमा कचेरीत जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले होते, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी विमान बांधलं होतं. विमानाला आसनं दोन. डावं झिजून गुळगुळीत झालेलं, उजवं अजून कोरं करकरीत. ते बायकोचं होतं आणि ती त्यात कधी बसली नव्हती. तिची अट सरळ होती. आपला भाऊ वार्षिक तपासणी करील आणि एकही नट जागचा हललेला नाही असं स्वतःच्या तोंडानं सांगेल, त्या दिवशी ती बसेल. भाऊ विमानतळावर मेकॅनिक होता, आणि तोंडानं चांगलं सांगायची त्याला सवय नव्हती.

नट आवळून झाला की नट आणि बोल्ट दोघांवरून मिळून एक रंगाची रेघ ओढतात. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटते, चोरी पकडली जाते. त्यासाठी खास रंग मिळतो म्हणे. कॅप्टन बायकोचं नेलपॉलिश वापरत. आज सकाळीही, विमानात बसायचंच झालं तर निदान हात तरी नीटनेटके दिसावेत म्हणून ती नखं रंगवत बसली होती. तिचा एक हात होतो न होतो, तोच कॅप्टन बाटली उचलून गॅरेजात पसार झाले होते.

मेव्हणा शेपटीकडून सुरुवात करून पुढे पुढे सरकत होता. चाकं, दांडे, पंखांचे सांधे. जिथे बघावं तिथे लाल रेघ अखंड. निकालाच्या दिवशी शाळेत आलेल्या पालकासारखे कॅप्टन त्याच्या मागेमागे. शेवटी नाकाशी आले. तिथला लाकडी पंखा कॅप्टननी स्वतः तासला होता.

"इथे बघायचंच कारण नाही," ते म्हणाले. "हे नट एकदाही सैल पडले नाहीत. दर वेळी मोजून आवळायचा पाना लावतो. लावला रे लावला की कट् वाजतो, म्हणजे नट हवा तेवढा घट्ट."

मेव्हणा थांबला. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"दाजी, हे लाकूड आहे. हवा कोरडी झाली की आकसतं. नट सैल पडायलाच हवेत. तुमचे पडत नाहीत, म्हणजे कुणीतरी आवळतंय."

त्यानं खिशातून भिंग काढलं. नटांखालची धातूची चकती लाकडात रुतली होती, जाड झालेल्या बोटात अंगठी रुतावी तशी. मग त्यानं नखानं रंग खरवडला. रेघेखाली रेघ निघाली, तिच्याखाली आणखी एक. वरच्या जरा गुलाबीकडे झुकलेल्या.

माझ्या गॅरेजात, माझ्या पंख्याला हात लावायची कुणाची छाती आहे, असं कॅप्टन विचारणार होते. पण मेव्हणा दाराकडे बघत होता. दारात बहीण उभी होती. एक हात रंगवलेला, एक कोरा.

"कशानं आवळलंस, ताई?"

"मोरीतल्या नळाच्या पान्यानं," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हे उडायला निघाले की आधी टोपी शोधतात. टोपी सापडायला वेळ लागतो, कारण ती तिनंच लपवलेली असते. तेवढ्यात ती इथे येते, बरणीचं झाकण लावावं तेवढं आवळते आणि वरून दुसऱ्या बाटलीतली नवी रेघ ओढून टाकते.

"आणि बाकीचे नट?" मेव्हण्यानं विचारलं.

"बाकीचे कुठे असतात मला काय ठाऊक. समोर दिसतात ते आवळते."

कॅप्टन कचेरीत असते तर 'अपघाताचं कारण' या रकान्यात काय लिहायचं, ते त्यांना सुचलं नसतं.

मेव्हण्यानं पंखा उतरवला, उजेडात धरला आणि इंच इंच तपासला. तोवर नवराबायको एकमेकांकडे न बघता उभे होते.

"भेग नाही," तो शेवटी म्हणाला. "आणखी थोडी माया केली असतीस, तर फुटला असता."

त्यानं पंखा पुन्हा चढवला, पाना कट् कट् वाजवत नट बसवले. उडायला हरकत नाही म्हणाला. पण एकही नट हललेला नाही असं काही आपण म्हणणार नाही. हललेत, आवळायच्या बाजूनं.

म्हणजे अट मोडली होती. कॅप्टननी उजव्या आसनावरची धूळ उगाच झटकली आणि टोपी खुंटीला लावायला निघाले.

"बसते मी," बायको म्हणाली.

"अगं, पण अट?"

"तुम्ही एकटे जात होता म्हणून आवळत होते. मी शेजारी असल्यावर कशाला आवळीन?"

पंख्याच्या तब्येतीसाठी हाच एक खात्रीचा उपाय आहे, असं मेव्हण्यानं पाने पुसता पुसता सांगितलं.

कॅप्टननी टोपी डोक्यावर चढवली, घसा खाकरला. "आकाश कुणाच्या बापाचं..."

"ते वर गेल्यावर सांगा," असं म्हणत तिनं उजवा हात त्यांच्यापुढे धरला. "आधी बाटली घ्या आणि हा हात रंगवा, डाव्या हातानं मला जमत नाही. आणि नुसती रेघ ओढू नका. पूर्ण लावा."