भगवंतरावांची भजनी मंडळी

या, जरा जवळ सरकून बसा. निजामाच्या जुन्या शहरातल्या बरकतपुऱ्यातली एक गोष्ट सांगायची आहे. लहानशी आहे, तुमच्या हातातला चहा निवायच्या आत संपेल.

"सक्ती कशाला म्हणतो मी?" भगवंतराव बशीत चहा ओतत म्हणाले. "देशाचा बाजार मोकळा झाला, बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या, आणि सरकार अजून माझ्या मानगुटीवर. कामगारांचा आरोग्य विमा काढा. काढलाच पाहिजे! ही काय निजामशाही आहे?" कपाळावर त्यांचं गंध सकाळपासून ताजंच होतं. घाम येण्यासारखं काम त्यांना नव्हतं.

"सक्तीच हवी," समोरच्या खुर्चीतले गोविंदराव वकील म्हणाले. "तुमच्यासारखे आपण होऊन काढतील का? मोटारीचा काढलात ना?"

"मोटारीचं वेगळं. मोटार कधी म्हणत नाही, आज अंगात कणकण आहे."

दोघंही हसले. वकिलांनी उस्मानिया बिस्किट बुडवलं.

मागच्या खोलीत भगवंतरावांचा मसाल्याचा कारखाना. तिथं मिरची दळणारी जयवंता खोकत दारात आली. लुगड्यावर, भुवयांवर, पापण्यांवर लाल भुकटी.

"मालक, ते विम्याचं कार्ड झालं असतं तर छातीचा फोटो निघाला असता. फोटोशिवाय औषध द्यायला डॉक्टर नको म्हणतो."

"तुळशीचा काढा घे, जयवंता. आणि नाम घे. तुम्ही सगळ्या म्हणजे माझं कुटुंब. कुटुंबाचा कुणी विमा काढतं का?"

"तुमच्या कुटुंबाचा काढलाय," वकील म्हणाले. "कागद मीच पाहिलेत."

भगवंतराव उत्तर देणार तोच फाटकाशी स्कूटर थांबली.

"मंडळी!" ते ओरडले.

कारखान्यातल्या बायकांना एवढी हाक पुरे होती. चक्की बंद झाली. मिरचीच्या पोत्यांवर चादर पडली, चादरीवर विठाईची तसबीर चढली, फळीवरून टाळ उतरले. विम्याचा इन्स्पेक्टर आला की कारखान्याचं देऊळ करायचं, ही तिथली रीत. टाळ एरवी कधी वाजत नसत. जयवंताचा गळा गोड, म्हणून तिला पुढं बसवायचे.

"तेच भजन म्हण, नेहमीचं," भगवंतराव पुटपुटले आणि हात जोडून दाराकडं वळले.

राममूर्ती इन्स्पेक्टर आत आले ते शिंकतच.

"क्या जी, इत्ती औरतां यां काम करते?"

"काम कायका साब? भजन मंडली है. देव की सेवा."

"मिर्ची का वास?"

"प्रसाद बनरा, साब."

देवाच्या नैवेद्याला मिरचीची पूड! पण राममूर्ती भाविक माणूस. त्यांनी चपला काढल्या, तसबिरीला नमस्कार केला आणि मांडी घालून बसले. जयवंतानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि नेहमीचं भजन सोडून दुसरंच उचललं.

मिरचीच्या घरात, आई, दिवस माझा जातो,
छातीमधला वारा, आई, अर्ध्यावर राहतो.
धनी म्हणे सेवा, जयवंता म्हणे काम,
दारी आला त्याला, आई, सांग माझं नाव.

संत घालतात तसं तिनं शेवटी आपलं नाव घातलं होतं. टाळकरी बायका क्षणभर थांबल्या. मग त्यांच्यातल्या मंगलानं तोच चरण उचलला, आणि तिच्या मागून सगळ्यांनी. 'जयवंता म्हणे काम.' टाळ कडकडले. भगवंतरावांचं गंध आता ओघळायला लागलं होतं.

राममूर्ती मान डोलावत होते, मांडीवर ठेका धरत होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण सूर कळत असावा, कारण त्यांचे डोळे भरून आले. ते वकिलांकडं झुकले.

"बहुत दर्द है जी. मतलब क्या है?"

टाळ थांबले. जयवंतानं डोळे उघडले ते थेट वकिलांवर. शब्द न् शब्द त्यांना कळला होता. आत्ता, चहा पिताना, हेच तर ते सांगत होते. एक वाक्य बोलायचं होतं.

भगवंतरावांनी बिस्किटांची बशी वकिलांपुढं सरकवली.

"विट्ठल कू बुलारी," गोविंदराव म्हणाले.

"वा! क्या भक्ती है!" राममूर्तींनी पुन्हा तसबिरीला हात जोडले. जयवंतालाही जोडले. "माँ, ऐसाच गाते रहो." आणि चपला घालून गेले.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला. चादर निघाली, तसबीर फळीवर गेली, टाळ फडक्यात गुंडाळले गेले. भगवंतरावांनी रुमालानं कपाळ पुसलं, गंधासकट.

"बरं म्हटलंस गं. पुढच्या वेळी मात्र नेहमीचंच म्हण."

जयवंतानं पदरानं पापण्यांवरची भुकटी पुसली. ती आत गेली. चक्की सुरू झाली, आणि तिच्या घरघरीतून खोकला.

"तरीही भगवंतराव," बिस्किट संपवून वकील म्हणाले, "तत्त्व म्हणून सांगतो, सक्तीच हवी."

एवढीच गोष्ट. आता एक मागणं. कधी कीर्तनाला बसाल, बुवांचा सूर लागलेला असेल, आणि मागं कुणीतरी खोकेल. तुम्ही कपाळाला आठ्या घालून मागं वळाल. वळू नका. त्या वेळी जयवंताची आठवण करा.