तीस वर्षांची कटकट

ऑगस्ट संपत आला तरी मिनेसोटातला उकाडा हटत नव्हता. सोलवेग घामेजल्या बोटांनी लोकरीचा स्वेटर विणत होती आणि पानगळ एकदाची कधी सुरू होतेय याची वाट बघत होती. तेवढ्यात नवरा आर्विड बागेतून झुकिनीची आणखी एक टोपली घेऊन आला. “अरे, खाणार कोण एवढ्या? आपल्याला पाहून शेजारी दारं लावून घेतात,” ती वैतागली. “हे शेवटचंच वर्ष. गुडघे वाकत नाहीत. पुढच्या वर्षी बागेत नुसतं गवत लावू,” तो म्हणाला. तीस वर्षं ती हेच मागत होती. तरी सुया थांबल्या. “मला न विचारता ठरवलंस?” “कटकट तुझीच होती ना?” “कटकट माझी, बाग दोघांची. वाफे मी खणीन. तू खुर्चीत बसून सांग, तेही थोडक्यात. आणि झुकिनीचं एकच रोप.” “तीन,” खुर्ची ओढत आर्विड म्हणाला.