फाईल अटकली आहे

दर बाजाराच्या दिवशी जियालाल तिरोड्याहून भाजी आणायचा आणि सोबत एक बातमी: कॅनडात आपल्या खुमेंद्रची फाईल अजून अटकलेलीच आहे. तिथं कायम राहायची मंजुरी मिळाल्याशिवाय गावी येता येत नाही, असं पोरानं सांगून ठेवलं होतं. त्या एका कारणावर गावच्या तीन मंडया त्याच्याविना गेल्या. दिवाळीनंतरच्या या जत्रेला सुरत-पुण्याला गेलेलं पोरगंन्‌पोरगं घरी येतं.

यंदा मंडई चार दिवसांवर आली, तशी जियालालची बायको रामबाई त्याच्यासोबत स्वतःच प्रफुल्लच्या ऑनलाइन सेंटरवर येऊन बसली.

"बाबू, यंदा तरी सोडते का ते सरकार माह्या पोराले?"

खुमेंद्रनं पूर्वी पाठवलेला नंबर टाकून प्रफुल्लनं फाईल उघडली. ती उन्हाळ्यातच मंजूर झाली होती. जियालालला तेव्हा त्यानंच वाचून दाखवलं होतं.

"अवं काकी, हे तर..."

जियालालनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. "अटकूनच आहे ना अजून?"

प्रफुल्लनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"हो काकी. नियम बदलवले म्हणते. अजून सहा-आठ महिने तरी लागतीन."

रामबाईनं कॅनडाच्या सरकारला बसल्या जागी मनसोक्त शिव्या घातल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"बरं झालं सांगतलं, बाबू. मी येडी, मले वाटलं पोरगाच येऊन नाही राहिला."